हरिश्चंद्राच्या फॅक्टरीला घाटवाटेनं

मोबाईल नारायणगावातच कुणाकडे तरी ठेवा. जायचंय ते १९१३ सालात. तिथे तो चालणार नाहीच, वर चुकून दिसला तर आधीच संशयानं बघणाऱ्या एका पाटलाला आणखी एक कारण मिळेल. त्या पाटलाची गाठ वांगणीत पडणार आहे. तोवर बरीच पायपीट आहे.

धोतर नेसा. कंबरेला चार-सहा आणे, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. पौष महिना धरून चालू. घाटमाथ्यावरचा वारा सरळ अंगात शिरतो. भाकऱ्या फडक्यात बांधून घ्या, ठेचा वेगळा.

निघायच्या आधी नारायणगावाकडे एकदा नीट बघून घ्या. आज गुढीपाडव्याच्या आसपास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. तुम्ही ज्या सालात चालला आहात तिथे या राहुट्या नाहीत. तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मायला अजून बावीस वर्षं आहेत. पण ढोलकी आहे, तुणतुणं आहे, हलगी आहे, आणि लोकांसमोर उभं राहून नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकाही आहेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे दादरला पोचल्यावर तिचा उपयोग आहे.

आता कुठे आणि कशासाठी, तेही सांगतो. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुम्ही पाहिलाच असेल. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला चित्रपट कसा काढला याची ती गोष्ट, आणि मराठीतल्या ऐतिहासिक विनोदी चित्रपटांतली सगळ्यात नेटकी गोष्टही तीच, असं माझं मत आहे. आवडलेल्या चित्रपटाची लोकेशनं शोधत हिंडणारे हौशी लोक जगभर असतात. इथे मात्र एक गंमत आहे. या चित्रपटाचा विषयच एक शूटिंग आहे. त्यामुळे लोकेशनं दोन प्रकारची झाली: मोकाशींनी कॅमेऱ्यापुढे उभी केलेली, आणि फाळक्यांनी ज्या जागी खरोखर कॅमेरा उभा केला ती. आपण दुसऱ्या जागी चाललो आहोत. जुन्नरच्या माणसाला तिकडे जायला पूर्वापार एक वाट आहेच.

जुन्नर मागे टाका. शिवनेरी डाव्या हाताला राहील. माणिकडोहचं धरण नाही, त्यामुळे कुकडी आपल्या जुन्या पात्रातून वाहताना दिसेल. बघून घ्या, परत दिसायची नाही. आपटाळे, चावंड, घाटघर. जीवधनच्या कड्याखालून पुढे गेलात की जमीन एकदम संपते आणि खाली कोकण उघडं पडतं. हा नाणेघाट. तोंडाशीच दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडायची असं सांगतात. खाली उतरण्याआधी लेण्यात डोकवा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण दान दिले, सगळा हिशेब. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. १९१३ मध्येही त्या नाहीत, आजही नाहीत. मूर्तींची पावलं तेवढी उरली आहेत, आणि वर कोरलेली नावं. सिमुक, नागनिका, सातकर्णी. नटमंडळी गेली, श्रेयनामावली शिल्लक राहिली.

घाट उतरायला लागा. पायऱ्यांवर दगड निसटे आहेत, आणि समोरून लादलेले बैल येतात तेव्हा भिंतीकडच्या बाजूला राहा, दरीकडच्या नव्हे. जुन्नर-आंबेगावची माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला जातात तीही अशाच घाटवाटांनी उतरतात. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू नावाचा मुलगा आत्ता चारेक वर्षांचा आहे. तोही पुढे मुंबईला जाईल, गिरणीत काम करील, आणि १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडेल. आत्ता ते कुणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.

वैशाखरे आलं की सपाटीला लागलात. टोकावडे, मुरबाड, आणि तिथून म्हसा. पौषी पौर्णिमेची म्हशाची जत्रा भरलेली आहे. बैलांचा बाजार, घोंगड्यांच्या थप्प्या, गुळाच्या ढेपा, गोड शेवेची दुकानं. एवढं चालून पाय बोलायला लागले आहेत, तेव्हा रात्र इथेच काढा. शिवाय मी तुम्हाला मुद्दाम या वाटेनं आणलंय.

रात्री मशाली पेटतात. गण होतो, मग गवळण. मावशी पदर सावरत, कंबर मोडत पुढे येते. तो बाप्या आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागून ज्या येतात त्या मात्र खरोखर बायका आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे नाच्या पोरांचीच चलती होती. आता संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आहे आणि त्या जोडीचं नाव मुंबईपर्यंत पोचलं आहे. मग बतावणी, मग वग. सोनेरी कागदाचा मुकुट घातलेला राजा येतो आणि बसायला सिंहासन नाही म्हणून ढोलकीवाल्याला सरकायला लावतो. प्रधान हात जोडून सांगतो, "महाराज, राज्यात दुष्काळ पडलाय." राजा म्हणतो, "पडला तर उचला. वाटेत कशाला ठेवलाय?" अख्खी जत्रा हसते. राजा कुठला, कोणत्या शतकातला, कोण विचारतो! त्याच्या अंगावरचा झगा जुना आहे आणि तोंडी असलेला दुष्काळ गेल्या सालचा आहे. ऐतिहासिक विनोदाची ही आमची जुनी पद्धत. मोकाशींनी ती पडद्यासाठी नव्यानं शोधली असं म्हणण्यापेक्षा, ती त्यांना वारशानं मिळाली असं मी म्हणेन. नाटकातून आलेला माणूस. 'मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी' लिहिताना त्यांनी दुसऱ्या महायुद्धालाच कोकणातल्या एका वाडीत आणून सोडलं होतं.

पहाटे निघा. वांगणीला पोचाल तेव्हा ऊन चढलेलं असेल.

गाव लहान. भातकापणी झाल्यामुळे खाचरं मोकळी. पलीकडून बोरघाटाकडे जाणारे लोहमार्गाचे रूळ दिसतात. शंकराचं देऊळ शोधायला लागत नाही, कारण लोक तिकडेच बघत उभे आहेत. देवळाच्या आवारात पंधरा-वीस तरणी पोरं आहेत. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या ढाल, कुणाच्या भाला. कुणी तोंडाला रंग फासलाय. एक जण लुगडं नेसतोय आणि निऱ्या जमत नाहीत म्हणून चिडतोय. दोघे तलवारी उगारून एकमेकांच्या अंगावर धावतात, मधेच थांबतात, हसतात, पुन्हा धावतात.

तुमच्याशेजारी उभा असलेला म्हातारा हळूच विचारतो, "पाव्हनं, कोन रं ही? दरोडेखोर का?"

काय सांगाल? सिनेमा म्हणाल तर तो शब्द त्याच्या कानावरून कधी गेलेला नाही. नाटकवाले म्हणाल तर तो विचारील, मग बायकांचं सोंग रानात कशाला, आणि बघणारे कुठे आहेत? त्याचा प्रश्न रास्त आहे. बघणाऱ्यांशिवाय सोंग कोण काढतं? बघणारे चार महिन्यांनी गिरगावात बसणार आहेत, हे त्याला पटवून द्यायला तुमच्याकडे काहीही नाही.

गावानं जे करायचं तेच केलं. पाटलाला वर्दी गेली. पाटील माणसं घेऊन देवळाशी आला, कोण, कुठले, कशाला आलात, सगळं विचारलं. पोरांनी खरं ते सांगितलं: आम्ही चित्र काढायला आलोय. हातात तलवार, तोंडाला रंग आणि म्हणे चित्र! पाटलानं फौजदाराला बोलावलं आणि मंडळींना ताब्यात घेतलं. तलवारी लाकडाच्या आहेत हे दाखवूनही फरक पडला नसता. रानात लपूनछपून लाकडी तलवारीनं सराव करणारा माणूस उद्या खरी हाती घेणार नाही कशावरून? पाटलाची काहीजण थट्टा करतात. मला ती करवत नाही. त्याच्या हाती असलेल्या माहितीवर त्यानं चोख काम केलं.

या सगळ्यात एका माणसाची गैरहजेरी तुम्हाला जाणवेल. फाळके अजून मुंबईतच आहेत. मंडळी पुढे आली, ते मागून यायचे. आले ते थेट हा प्रकार ऐकतच. बघा, ते येताहेत. बेचाळीस वर्षांचा माणूस, अंगानं सडसडीत, चालीत घाई. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून झालेला. गेल्या १ फेब्रुवारीला विलायतेला गेला, लंडनमध्ये 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या कचेरीत ओळखीपाळखीशिवाय शिरला, त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघून आला, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा मागवला आणि दोन महिन्यांत परत. पैसा विम्याच्या पॉलिसीवर उचललेला. अशा माणसाला एका पाटलाची आणि एका फौजदाराची समजूत काढायची आहे.

फाळके वाद घालत नाहीत. ते कॅमेरा मागवतात. लाकडी पेटी तिकाटण्यावर चढते. नटांना उभं करतात, कोणी कुठून यायचं ते सांगतात, आणि हँडल फिरवायला लागतात. पेटीतून कटकट आवाज येतो. पाटील बघतो, फौजदार बघतो, सगळं गाव बघतं. पोरं तलवारी घेऊन धावतात आणि या खेपेला कोणी त्यांना धरत नाही.

तुम्ही जरा जवळ सरका. पेटी रिकामी आहे. आत फिल्म नाही. कच्ची फिल्म परदेशातून येते, महाग आहे, आणि एका फौजदाराची शंका फेडायला ती खर्च करणं परवडणारं नाही. म्हणजे या गावानं जे पहिलं शूटिंग मान देऊन पाहिलं, ते झालंच नव्हतं. ऐतिहासिक विनोद लिहायला बसलेल्या माणसानं यात पदरचं काही घालायची गरज आहे का, सांगा.

पण लगेच निघू नका. हसून झालं असेल तर इकडे खडकांपाशी या. फाळक्यांचा मोठा मुलगा भालचंद्र, लहानगाच, पण हरिश्चंद्राचा राजपुत्र रोहिदास तोच करतो आहे. इतर पोरांबरोबर खेळता खेळता तो पडतो, डोकं खडकावर आपटतं, शुद्ध जाते. मंडळी म्हणतात, पोराला मुंबईला नेऊ, बरा झाला की पुढचं बघू. पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा आहे. प्रेत म्हणून मुलाला निपचित पडून राहायचं आहे. फाळके ठरवतात की तो प्रसंग आत्ताच घ्यायचा. आणि घेतात.

इथे काय वाटायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्या बापाचा रागही येतो आणि दुसरं काही त्याच्या हाती होतं असंही वाटत नाही. परत एवढी मंडळी, एवढं सामान इथवर आणायचं तर पैसे उरलेले नाहीत. हरिश्चंद्राच्या गोष्टीतही बाप मुलाच्या प्रेतापाशी उभा राहून कर्तव्य पाळतो. फाळक्यांनी ती गोष्ट निवडताना हे धरलं नसावं.

वांगणीहून आगगाडीनं दादर. तिकीट काढायला आणे आहेतच.

१९१३ चं दादर म्हणजे गर्दी नव्हे. घरं सुटी सुटी, मधे झाडं, मोकळं रान. मथुरा भवन नावाचा बंगला विचारत जा. आज त्या रस्त्यालाच दादासाहेब फाळके रोड म्हणतात. गेल्याच वर्षी फाळके कुटुंब चर्नी रोडची जागा सोडून इथे राहायला आलं, कारण कॅमेऱ्याला मोकळी जागा आणि ऊन लागतं. फाटकाशी कुणाला विचारलंत की इथे काय चालतं, तर उत्तर मिळेल: हरिश्चंद्राची फॅक्टरी. नटांना तसंच सांगायला बजावलं आहे. सिनेमात काम करतो म्हटलं तर घरचे दारात उभं करणार नाहीत. कारखान्यात आहे म्हटलं की लग्नाच्या बाजारातही भाव येतो. मोकाशींच्या चित्रपटाचं नाव आलं ते इथून.

फॅक्टरी म्हणतात त्यात खोटं फारसं नाही. अंगणात रंगवलेले पडदे टांगून राजवाडा उभा आहे. उन्हाची दिशा बदलली की राजवाडा हलवावा लागतो. आतल्या खोलीत फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आहेत. त्यांच्याकडे जरा थांबा, कारण सगळी फॅक्टरी त्यांच्या हातावर चालली आहे. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं नसतात. ती पाडल्याशिवाय कॅमेऱ्याच्या दात्यांना पट्टी पकडता येत नाही. हे काम अंधारात, हाताच्या अंदाजानं करायचं. सरस्वतीबाई ते शिकल्या. भोकाचं अंतर चुकलं तर पडद्यावर राजा थरथरतो. दिवसा शूटिंगच्या वेळी ऊन नटांच्या तोंडावर वळवायला पांढरी चादर धरून तासन् तास उभं राहायचं, रात्री फिल्म धुवायला मदत करायची, आणि मधल्या वेळात साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. पोरं आहेत ती वेगळीच. भांडवलदारांना पटवण्यासाठी फाळक्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं टिपून एक छोटी फिल्म केली होती, तेव्हाही यांचाच पाठिंबा होता. दागिने मोडायला दिले तेही यांनीच. 'फॅक्टरी'त विभावरी देशपांडे यांनी ही बाई केली आहे. नवऱ्याकडे बघताना तिच्या नजरेत कौतुक आणि 'आता हे काय नवीन' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. नंदू माधव यांचे फाळके सारखे पळत असतात. ते पळू शकतात, कारण ही जागेवर उभी आहे.

आता अंगणात बघा. तारामती आली.

अण्णा साळुंके. ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करायचा, महिना दहा रुपये पगार. फाळके तिथे चहाला जात. त्यांनी त्याची सडपातळ अंगलट आणि नाजूक हात पाहिले, आणि पंधरा रुपये कबूल करून त्याला राणी केला. त्याआधी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन झाली होती. उत्तर देणाऱ्या फार नव्हत्या, आल्या त्या पसंत पडल्या नाहीत. वेश्यावस्तीतही जाऊन झालं. तिथल्या बायकांनीसुद्धा नको म्हटलं. राहिले पुरुष. त्यांची अडचण मिशांची. बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची, हा पेच दादरच्या अंगणात रंगला म्हणतात. साळुंके मिशी काढायला राजी झाला, दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, त्र्यंबक तेलंगांनी हँडल हाती घेतलं आणि काम चालू झालं.

तुम्ही परवाची रात्र म्हशाच्या जत्रेत काढून आला आहात. साहजिकच तुमच्या तोंडाशी येतं: अहो, बायका हव्यात ना? दोन दिवसांच्या वाटेवर हव्या तेवढ्या आहेत. हजार माणसांसमोर न लाजता उभ्या राहतात, बोलतात, गातात, आणि शब्दानं राजाला गार करतात.

बोलून उपयोग नाही. त्या बायका महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या आणि तारामती ही सूर्यवंशी राजाची पतिव्रता राणी. पांढरपेशा प्रेक्षकाला तारामतीच्या जागी खाणावळीतला आचारी चालला. फडातली बाई चालली नसती. त्यात त्या आचाऱ्यात काही वावगं वाटायचं कारणही नव्हतं, हेही खरं. बालगंधर्व या वेळी भरात आहेत; सगळी मराठी रंगभूमी पुरुषांनी नेसलेल्या शालूंवर उभी आहे. साळुंकेला तारामती म्हणून पाहताना १९१३ चा प्रेक्षक हसला नाही. हसतो तो आपण. 'फॅक्टरी' पाहतानाही आपलं बरंचसं हसू त्यांच्यावर नसतं, त्यांच्या-आपल्यातल्या शंभर वर्षांवर असतं. मोकाशींना हे पक्कं कळलं आहे, म्हणून त्यांचा एकही माणूस बावळट नाही. विनोदी करायचं म्हणून जुन्या लोकांना मूर्ख ठरवणारे चित्रपट आपल्याकडे थोडे नाहीत. त्या ओळीत हा बसत नाही.

मात्र फडातल्या बाईला ज्या कारणानं दादरचं फाटक बंद होतं, ते कारण 'फॅक्टरी'तही आलेलं नाही. माझी या चित्रपटाबद्दल तक्रार असेल तर तेवढीच.

दिवस पटापट जाऊ द्या. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात बड्या पाहुण्यांसाठी खेळ झाला. आपण जाऊ ते ३ मे १९१३ ला, गिरगावात, सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. दर नेहमीच्या दुप्पट आहेत. आणे पुरतात का बघा. राजा हरिश्चंद्र एकटा नाही, त्याच्या जोडीला एका गोऱ्या बाईचं नाचगाणं, एक विनोदी नकला करणारी जोडी आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू. गण-गवळण-बतावणीनंतर वग लागावा असाच हा बेत. मग दिवे जातात, आणि तो आचारी राणी होऊन धनुष्यबाण शिकणाऱ्या मुलाकडे कौतुकानं बघतो. मुलाच्या डोक्यावरची जखम भरली आहे.

सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला. तिथल्या लोकांना दोन आण्यांत तासन् तास नाटक बघायची सवय. एवढंसं चित्र तीन आण्यांत कोण बघणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात ठोकली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. हिशेब करून बघा. चित्रपट ३,७०० फुटांचा. फुटाला सोळा चित्रं धरली तर एकोणसाठ हजारांवर जातात, म्हणजे फोटोंचा आकडा उलट थोडा कमीच सांगितला. लांबी मात्र सव्वा किलोमीटरसुद्धा भरत नाही. दोन मैल म्हणजे सव्वातीन. पण सत्यवादी हरिश्चंद्राच्या चित्रपटाची जाहिरात करताना त्यांनी मैल ताणले आणि लोक आले.

बायका पडद्यावर यायला फार वेळ लागला नाही. त्याच साली फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. त्या नाटक कंपनीतून आल्या. साळुंकेचंही चांगलं चाललं: १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम तोच आणि सीताही तोच. फडातल्या बायकांना पडद्यावर मानानं जागा मिळायला मात्र पुढची कित्येक वर्षं गेली, आणि मिळाली तेव्हाही बहुतेक वेळा त्यांच्या जागी दुसऱ्याच नट्या पायात चाळ बांधून उभ्या होत्या.

परत या. २९ जानेवारी २०१० ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' प्रदर्शित झाला, तोवर त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि 'श्वास'नंतर भारताकडून ऑस्करला गेलेला तो दुसरा मराठी चित्रपट ठरला होता. तो बघणं सोपं आहे. मूळ 'राजा हरिश्चंद्र'चं अवघड. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तीही १९१७ साली फाळक्यांनीच पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. जुन्नरहून पुणं शंभर किलोमीटरच्या आत, घाट उतरायची गरज नाही. आणि ही रिळं इंटरनेटवरही बघायला मिळतात. त्यात राणी सख्यांबरोबर हौदात उतरते तो प्रसंग आहे. हौदातली सगळी मंडळी पुरुष आहेत आणि ओल्या लुगड्यांत अगदी गंभीरपणे पाणी उडवताहेत. आधी हे बघा, मग 'फॅक्टरी' लावा. उलट क्रमानं बघू नका, नाहीतर हौदातल्या त्या माणसांना तुम्ही उगाच हसाल.